तरुण खेळाडूंवर संघ उभा राहत असताना धीर कसा धरायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगाम सुरू होऊन पाच-सहा सामने झाले, त्यातले दोन हरले, की प्रश्नांची रीघ लागते. विचारणारे बहुतेक आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते असतात, थोडे चेल्सीचे आणि मँचेस्टर युनायटेडचे, अधूनमधून कोल्हापूर-गोव्याकडच्या संघांचेही. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मुख्य उदाहरण आर्सेनलचं घेतलं आहे, कारण २०१९-२० ते २०२४-२५ या सहा हंगामांत पोरांवर संघ कसा उभा राहतो हे तिथे पहिल्या विटेपासून बघायला मिळालं. माझं मत आधीच सांगून टाकतो: मैदानातल्या पोरांना धीर बिनशर्त द्यावा, क्लब चालवणाऱ्यांना मात्र अटी घालून.

१. पुनर्बांधणी म्हणजे नक्की काय? दोन-चार पोरं खेळवली की झालं का?

नाही. मोठे खेळाडू जखमी आहेत म्हणून चार सामन्यांपुरती पोरं उतरवणं ही अडचणीतली सोय झाली. पुनर्बांधणीत तीन कामं एकाच वेळी चालतात. जुने महागडे करार संपवायचे, एका ठरावीक वयाचे खेळाडू विकत घ्यायचे, आणि अकादमीतल्या मुलांसाठी पहिल्या संघात खरोखरची जागा मोकळी ठेवायची.

आर्सेनलमध्ये मिकेल आर्टेटा २० डिसेंबर २०१९ रोजी आला, वय ३७, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलीच नोकरी. २०२१ च्या सुरुवातीला ओझिल, सोक्रातिस आणि मुस्ताफी गेले. त्या उन्हाळ्यात विलियन गेला. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत कर्णधार असलेला ऑबामेयांग २०२२ च्या सुरुवातीला एक पैसाही न घेता बार्सिलोनाला सोडला गेला. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात घेतलेले सहाच्या सहा खेळाडू २३ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते: बेन व्हाइट, मार्टिन ओडेगार्ड, ॲरन रॅम्सडेल, ताकेहिरो तोमियासू, नुनो ताव्हारेस आणि साम्बी लोकोंगा.

चाहत्यांना यातलं पहिलं काम सगळ्यात जड जातं. जाणाऱ्यांची नावं जर्सीवर छापलेली असतात, येणाऱ्यांची नावं नीट उच्चारताही येत नाहीत.

२. किती वर्षं थांबायचं? आकडा सांगा.

तीन पूर्ण हंगाम. कोच हंगामाच्या मध्यावर आला असेल तर तो अर्धा हंगाम मोजायचा नाही.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले आर्सेनलचे सहा हंगाम बघा. २०१९-२० मध्ये ५६ गुण आणि आठवा क्रमांक, पुढच्या वर्षी ६१ गुण आणि पुन्हा आठवा. २०२१-२२ मध्ये ६९ गुण, पाचवा. मग ८४, ८९ आणि ७४ गुण, तिन्ही वेळा दुसरा. गुणतक्त्यात फरक ठळक दिसायला आर्टेटाला आल्यापासून अडीच वर्षं लागली, आणि त्या अडीच वर्षांत त्याला काढा म्हणणाऱ्यांचा आवाज बराच मोठा होता.

एक घोटाळा इथे हमखास होतो. १ ऑगस्ट २०२० रोजी रिकाम्या वेम्ब्लीवर आर्सेनलनं चेल्सीला २-१ हरवून एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. अनेकांना वाटलं, झाली गाडी रुळावर. पण दोन्ही गोल ऑबामेयांगचे होते, संघ जुनाच होता, आणि चार महिन्यांत तोच संघ पंधराव्या क्रमांकावर गेला. बाद फेरीचा करंडक पाच-सहा चांगल्या दिवसांवर मिळू शकतो. ३८ सामन्यांची लीग तशी मिळत नाही.

जुनं उदाहरण हवं असेल तर ॲलेक्स फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ मध्ये कोच म्हणून मँचेस्टर युनायटेडला आले, पहिला करंडक १९९० मध्ये मिळाला आणि लीग १९९३ मध्ये. १९८९-९० च्या हंगामात युनायटेड तेरावं होतं. पण हे उदाहरण जपून वापरा. ज्या कोचला काढायलाच हवं त्याच्या बचावालाही लोक फर्ग्युसनचंच नाव घेतात. (प्रश्न १४ पाहा.)

३. धीर धरायचा म्हणजे टीका करायचीच नाही का?

करायची, आणि जोरात करायची. संघनिवड, बदली खेळाडू उशिरा उतरवणं, एका जागेसाठी पर्यायच न घेणं, तिकिटांचे दर, सगळ्यावर बोला. फक्त टीका ज्याच्या निर्णयावर आहे त्याच्याच अंगावर जाऊ द्या. १९ वर्षांच्या मुलाला त्याची नसलेली जागा खेळायला लावली तर तो निर्णय बाकावर बसलेल्या कोचचा असतो, त्या मुलाचा नसतो.

४. सामने हरत असताना संघ सुधारतोय हे ओळखायचं कशावरून?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात महत्त्वाचाही. निकालांच्या खाली बघायला शिकावं लागतं.

मी पहिल्यांदा बघतो की तेच तेच खेळाडू एकमेकांजवळ खेळतायत का. तरुण संघाला गती सरावातून येते, आणि दर आठवड्याला अकरा जण बदलले तर कुणाचाच कुणाशी सराव होत नाही. २६ डिसेंबर २०२० ची आर्सेनल-चेल्सी लढत काढून पुन्हा बघा. आर्सेनलला १४ सामन्यांत १४ गुण होते, सात लीग सामने जिंकता आला नव्हता. त्या दिवशी आर्टेटानं एमिल स्मिथ रोला मध्ये उतरवलं, एका बाजूला बुकायो साका, दुसऱ्या बाजूला गॅब्रिएल मार्टिनेली. तिघेही वीस वर्षांच्या आतबाहेरचे. पाठीमागून चेंडू आला की स्मिथ रो तो पहिल्याच स्पर्शात वळवत होता आणि दोन्ही बाजूंची पोरं त्याच्याकडे न बघताच पळायला लागत होती. सामना ३-१ जिंकला. शेवटचा गोल साकाच्या पायातून गोलकीपरच्या डोक्यावरून गेला. तो क्रॉस होता की शॉट यावर अजूनही वाद घालता येईल. त्या दिवशीचा निकाल विसरून जा हवं तर. पण चेंडू पुढे नेण्याची एक ठरलेली वाट त्या संघाला सापडली होती, आणि ती पुढच्या सामन्यातही दिसली. खूण म्हणतात ती हीच.

दुसरं, संघ हरतो कसा ते. एकाच प्रकारचे गोल पुन्हा पुन्हा खाल्ले जातायत की दर वेळी नवीन चूक होतेय? नवीन चूक परवडते. १३ ऑगस्ट २०२१ रोजी ब्रेंटफर्डनं लांबच्या थ्रो-इनवर आर्सेनलला अक्षरशः ढकलून गोल केला आणि सामना २-० घेतला. मग चेल्सीकडून ०-२, मँचेस्टर सिटीकडून ०-५. तीन सामने, शून्य गुण, शून्य गोल, सगळ्यात तळाला. त्यानंतर रॅम्सडेल गोलमध्ये आला, तोमियासू उजवीकडे आला, बचावात व्हाइट आणि गॅब्रिएल मागाल्हेसची जोडी जमली, आणि हवेतल्या चेंडूंवर होणारी पळापळ कमी होत गेली.

तिसरं म्हणजे आकडे. पण एका आकड्यावर विसंबू नका. २०२०-२१ मध्ये आर्सेनलनं लीगमध्ये ३९ गोल खाल्ले आणि आठवा क्रमांक मिळवला; पुढच्या हंगामात ४८ खाल्ले आणि पाचवा मिळवला. नुसतं बचावाकडे बघणारा म्हणाला असता की संघ बिघडला. प्रत्यक्षात संघ पुढे जाऊन खेळायला लागला होता आणि मागे उघडा पडत होता. २०२३-२४ मध्ये दोन्ही जमलं: ९१ केले, २९ खाल्ले.

५. एक शनिवार हिरो, पुढचा शनिवार गायब. तरुण खेळाडू असे का असतात?

कारण ते पहिल्यांदाच करतायत. पहिल्या दहा सामन्यांत समोरच्या बचावपटूला त्यांच्याबद्दल काही माहीत नसतं. मग चित्रफिती बघून तयारी होते, दोन जण अंगावर सोडले जातात, आवडत्या पायाची बाजू बंद केली जाते. त्यातून नवी वाट काढायला मुलाला काही महिने लागतात, कधी वर्षही. मार्टिनेली २०१९ मध्ये ब्राझीलच्या इटुआनोमधून १८ व्या वर्षी आला, पहिल्याच हंगामात धडाधड गोल केले, मग गुडघा गेला आणि परत लयीत यायला बराच काळ लागला. वाढ सरळ रेषेत होत नाही. महिन्याच्या हिशेबानं मोजायला गेलात तर दर महिन्याला निराशा होईल.

६. स्टेडियममध्ये आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवणं चूक आहे का? पैसे मोजलेत ना?

पैसे मोजलेत, हक्क आहे. तरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, विशेषतः पोरांच्या बाबतीत. ११ जुलै २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात साकानं इंग्लंडसाठी शेवटची पेनल्टी चुकवली तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्याच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा जो मारा झाला तो सगळ्यांनी पाहिला. महिन्याभरात तो आर्सेनलसाठी खेळायला उभा होता. सातव्या-आठव्या वर्षापासून त्याला आर्सेनलच्या हेल एंड अकादमीत सांभाळलेल्या माणसांनी आणि स्टेडियममधल्या लोकांनी त्याला ज्या प्रेमानं परत घेतलं, ते त्याच्या पुढच्या हंगामांत दिसलं.

मोठ्या खेळाडूलाही हे लागू होतंच. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध कर्णधार ग्रानिट झाकाला घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवत बाहेर पाठवलं. त्याचं कर्णधारपद गेलं, तो क्लब सोडून निघालाच होता. राहिला, आणि २०२२-२३ मध्ये त्याच पोरांच्या मधोमध उभा राहून आयुष्यातला एक उत्तम हंगाम खेळला. पुढच्या वर्षी लेव्हरकुसेनसोबत एकही लीग सामना न हरता जर्मनीची लीग जिंकला.

७. सगळी पोरंच घेतली तर काय बिघडलं? म्हातारे खेळाडू कशाला हवेत?

ऑगस्ट १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेड पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाकडून ३-१ हरलं, तेव्हा टीव्हीवर विश्लेषक ॲलन हॅन्सन म्हणाले होते की पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. त्या वर्षी युनायटेडनं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले आणि ते वाक्य हॅन्सनना कायमचं चिकटलं. पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. बेकहॅम, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधूंच्या आजूबाजूला श्मायकेल, ब्रूस, पॅलिस्टर, आयर्विन होते, आणि ऑक्टोबरमध्ये बंदी संपवून काँतोना परत आला.

आर्सेनलनं २०२२ मध्ये सिटीकडून गॅब्रिएल जेझुस आणि झिन्चेन्को आणले, जानेवारी २०२३ मध्ये ३१ वर्षांचा जॉर्जिन्यो आणला. मोठे करंडक जिंकणं कसं असतं हे सांगणारी माणसं खोलीत हवी होती. माझा अंदाज असा की अकरांत तीन-चार अनुभवी, त्यातला एक बचावात आणि एक मध्यफळीत, एवढं नसेल तर ७० व्या मिनिटानंतर पोरांचा संघ हमखास डगमगतो.

८. विकत घेतला आणि लगेच लोनवर (ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे उसना) पाठवला. म्हणजे क्लबला तो नकोच होता ना?

विल्यम सालिबाचं प्रकरण लक्षात ठेवा, हा प्रश्न पुन्हा पडणार नाही. जुलै २०१९ मध्ये आर्सेनलनं त्याला सेंत-एतियेनकडून २७ दशलक्ष पौंडांना घेतला, वय १८, आणि एक वर्षासाठी तिथेच ठेवला. मग तो परत आला, पण पहिल्या संघात त्याला जागाच मिळाली नाही. जानेवारी २०२१ मध्ये नीसला गेला, पुढचं पूर्ण वर्ष मार्सेला. तिकडे तो फ्रेंच लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. आर्सेनलसाठी पहिला सामना ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे विकत घेतल्यावर तीन वर्षांनी. तोवर इकडे अनेकांनी त्याला फुकट गेलेले पैसे म्हणून सोडून दिलं होतं.

लोन चांगला की वाईट हे ओळखायची सोपी कसोटी: तिकडे तो दर आठवड्याला ९० मिनिटं खेळतोय का, आणि तिकडची पातळी आधीपेक्षा वरची आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर निश्चिंत राहा. दोन वर्षांत तीन क्लब आणि तिन्हीकडे बाकावर, असं असेल तर तो मुलगा खरोखरच विसरला गेलाय.

९. होमग्रोन खेळाडू म्हणजे इंग्लिश खेळाडू का?

नाही, राष्ट्रीयत्वाचा संबंध नाही. २१ वर्षांचा होण्याआधी तीन हंगाम किंवा ३६ महिने इंग्लंड-वेल्सच्या क्लबात नोंदलेला कुणीही होमग्रोन ठरतो. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत जास्तीत जास्त १७ जण बिगर-होमग्रोन चालतात. २१ वर्षांखालच्यांना यादीत जागाच लागत नाही, हवे तितके खेळवता येतात. पोरांवर भर देण्यामागे हेही एक साधं कारण असतं.

१०. घरचाच मुलगा का विकतात? स्मिथ रोला विकला तेव्हा फार वाईट वाटलं.

मलाही वाटलं. दहाव्या वर्षी आलेला मुलगा, १० नंबरची जर्सी, २०२१-२२ मध्ये लीगचे १० गोल. मग जांघेच्या दुखण्यानं जवळजवळ दोन हंगाम खाल्ले, तोवर ओडेगार्डनं ती जागा पक्की केली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तो फुलमला गेला, २७ दशलक्ष पौंड आणि वर अटींनुसार आणखी काही.

यात हिशेबाचा भाग मोठा असतो. या सगळ्या काळात प्रीमियर लीगचा नियम होता की क्लबनं तीन वर्षांत मिळून १०५ दशलक्ष पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायचा नाही. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत वहीत कराराच्या वर्षांवर वाटून मांडली जाते. ५० दशलक्षांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर असेल तर वर्षाला १० दशलक्ष खर्च. तो दोन वर्षांनी ४० ला विकला तर वहीत त्याची उरलेली किंमत ३०, म्हणून नफा फक्त १०. अकादमीतल्या मुलाची वहीतली किंमत शून्य असते, त्यामुळे ४० ला विकला तर सगळेच्या सगळे ४० नफ्यात. म्हणजे ज्या मुलावर आपला सगळ्यात जास्त जीव, तोच हिशेबनिसाला विकायला सगळ्यात सोयीचा. हा नियमाचाच दोष आहे आणि त्याबद्दल चाहत्यांनी बोलत राहायला हवं.

तरी प्रत्येक विक्री म्हणजे विश्वासघात नसते. त्याच वर्षी सप्टेंबरात माइल्स लुइस-स्केली पहिल्यांदा उतरला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी सिटीला ५-१ हरवलं त्यात त्याचा एक गोल होता आणि ईथन न्वानेरीचा एक. दोघेही हेल एंडचेच.

११. एवढे सामने खेळवून पोरांची वाट लागत नाही का?

लागते, आणि इथे मात्र धीर धरू नका, ओरडा. जॅक विल्शर २०१०-११ मध्ये १९ व्या वर्षी आर्सेनलसाठी ४९ सामने खेळला. पुढचा अख्खा हंगाम घोट्याच्या दुखण्यात गेला, आणि ३० व्या वर्षी त्याला निवृत्त व्हावं लागलं. बार्सिलोनाचा पेद्री २०२०-२१ मध्ये क्लब, युरो आणि ऑलिंपिक मिळून सत्तरहून जास्त सामने खेळला आणि पुढचे हंगाम मांडीच्या स्नायूंनी त्याला रडवलं. साका सलग ८७ लीग सामने खेळला, क्लबचा विक्रम म्हणून त्याचं कौतुक झालं. डिसेंबर २०२४ मध्ये मांडीमागचा स्नायू गेला, शस्त्रक्रिया झाली आणि एप्रिलपर्यंत संघ त्याच्याविना खेळला. संघात त्याच्या जागी दुसरा उजवा विंगर कोण, हा प्रश्न दोन उन्हाळे आधी विचारायला हवा होता.

१२. वेंगर यांनीही पोरांवर संघ बांधला होता. तेव्हा आठ-नऊ वर्षं धीर धरला, हाती काय लागलं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या जखमा खऱ्या आहेत, म्हणून सविस्तर.

२००६ मध्ये आर्सेनल नव्या स्टेडियमवर गेलं आणि कर्जाचे हप्ते सुरू झाले. महागडे खेळाडू परवडत नव्हते, म्हणून तेव्हाचे कोच आर्सेन वेंगर यांनी फाब्रेगास, क्लिशी, फ्लामिनी, अडेबायोर अशा पोरांवर संघ उभा केला. २००७-०८ मध्ये तो संघ जिंकायच्या अगदी जवळ होता. २३ फेब्रुवारी २००८ रोजी बर्मिंगहॅमला गेला तेव्हा पाच गुणांनी पुढे. तिसऱ्याच मिनिटाला एदुआर्दोचा पाय मोडला, शेवटच्या क्षणी बर्मिंगहॅमला पेनल्टी मिळाली, २-२. हंगाम संपला ८३ गुणांवर, तिसरा क्रमांक. युनायटेडचे ८७ होते.

खरं नुकसान त्यानंतर झालं. फ्लामिनीचा करार संपत होता, तो त्याच उन्हाळ्यात फुकट मिलानला गेला. ह्लेब बार्सिलोनाला. २००९ मध्ये अडेबायोर आणि कोलो तुरे सिटीला. २०११ मध्ये फाब्रेगास, नासरी आणि क्लिशी एकाच उन्हाळ्यात गेले, आणि ऑगस्टच्या शेवटी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ८-२ असा पराभव. २०१२ मध्ये व्हॅन पर्सी थेट युनायटेडला गेला आणि त्यांना लीग जिंकून दिली. पोरं मोठी झाली, पण दुसऱ्यांच्या जर्सीत. २००५ नंतरचा पहिला करंडक मिळायला २०१४ उजाडलं.

आता २०२३ बघा. फेब्रुवारीत मार्टिनेली, मेमध्ये साका, जुलैमध्ये सालिबा, सप्टेंबरमध्ये ओडेगार्ड, सगळ्यांनी नवे लांबचे करार केले. आणि त्याच उन्हाळ्यात डेक्लन राइससाठी १०५ दशलक्ष पौंड मोजले गेले. वेंगर यांच्या पोरांमध्ये गुण कमी नव्हते, त्यांना तेवीस-चोविसाव्या वर्षी धरून ठेवायला आणि त्यांच्याजवळ एक मोठा खेळाडू आणून उभा करायला क्लबकडे पैसा आणि इच्छा यांपैकी एक तरी कमी पडत होतं. म्हणून माझ्या अटींमध्ये करारांची अट सगळ्यात वर आहे. मुख्य खेळाडूच्या कराराची दोनच वर्षं उरली आणि क्लब गप्प असेल तर काळजी करायला लागा.

१३. तीन वेळा दुसरे. याला यश म्हणायचं की अपयश?

तिन्ही वर्षं वेगळी आहेत, एका तराजूत टाकू नका.

२०२२-२३ मध्ये आर्सेनल २४८ दिवस पहिल्या क्रमांकावर होतं आणि तरी लीग गेली. मार्चमध्ये सालिबाची पाठ धरली. एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम, दोन्हीकडे २-० पुढे असताना २-२. वेस्ट हॅमकडे साकाची पेनल्टी बाहेर गेली. मग तळाच्या साउदॅम्प्टनशी घरी ३-३, आणि सिटीकडे ४-१ हार. तो संघ तरुण होता, राखीव फळी पातळ होती, दमला. ते वर्ष मी वाढीच्या खात्यात टाकतो. २०२३-२४ मध्ये ८९ गुण मिळवले, सिटीनं ९१ मिळवले. यात हळहळ करण्यापलीकडे काय करणार? २०२४-२५ चं मात्र वेगळं. ७४ गुण, १४ बरोबरी. रेआल माद्रिदला दोन्ही सामन्यांत हरवून चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली हे मोठंच, पण लीगमध्ये गोल कमी पडले आणि उन्हाळ्यात स्ट्रायकर न घेण्याचा निर्णय अंगाशी आला. त्या वर्षी पोरांना दोष नव्हता, निर्णय घेणाऱ्यांना होता. त्या टप्प्यावर संघ तरुण आहे हे कारण पुढे करणं थांबवायला हवं.

१४. धीर सोडायची वेळ कधी येते?

साउदॅम्प्टनचा २०२२-२३ हंगाम अभ्यासण्यासारखा आहे. उन्हाळ्यात पोरंच पोरं घेतली, त्यातली बाझुनू, लाव्हिया, लारिओस आणि एडोझी ही चौघं एकट्या सिटीकडून आलेली. गुण होते. पण एका हंगामात तीन कोच झाले: नोव्हेंबरमध्ये हासेनहुट्टल गेले, फेब्रुवारीत नेथन जोन्स गेले, मग रुबेन सेयेस. प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी, आधार द्यायला अनुभवी माणसं कमी. २५ गुण, शेवटचा क्रमांक, सलग अकरा हंगामांनंतर प्रीमियर लीगमधून बाहेर.

म्हणून माझ्या मते धोक्याची घंटा तेव्हा वाजते, जेव्हा पोरं घेतली जातात पण ती कशा पद्धतीनं खेळणार हे दर सहा महिन्यांनी बदलतं. जेव्हा चांगली झालेली पोरं विकून पुन्हा पोरंच घेतली जातात. आणि जेव्हा संघ दहा सामने एकाच प्रकारे हरतो (प्रश्न ४). अशा वेळी ‘धीर धरा’ हे वाक्य क्लबच्या तोंडी आलं की समजा, तुमच्याकडून वेळ उकळला जातोय.

१५. पण चेल्सीनं पाच कोच बदलून, पोरं घेऊनच कप जिंकले. मग?

रास्त शंका. मे २०२२ मध्ये मालक बदलले, तुखेल, पॉटर, हंगामी लॅम्पार्ड, पोचेत्तिनो आणि मारेस्का अशी रांग लागली, एक अब्ज पौंडांहून जास्त खर्च झाला, बाराव्या क्रमांकापर्यंत घसरण झाली. आणि २०२५ मध्ये कॉन्फरन्स लीग ही युरोपातली तिसऱ्या पातळीची क्लब स्पर्धा जिंकली, मग अंतिम सामन्यात पॅरिसच्या पीएसजीला ३-० हरवून क्लब विश्वचषकही. कोल पामरला २०२३ मध्ये सिटीकडून घेतला आणि पहिल्याच हंगामात त्यानं लीगचे २२ गोल केले.

म्हणजे दुसरी वाट आहे. पण ती प्रचंड पैशांची वाट आहे: इतकी पोरं घ्यायची की त्यातली निम्मी फसली तरी निम्मी लागतील. फसलेल्या पोरांचं काय होतं, हे विचारायला तिकडे कुणाला फारशी सवड नसते. ज्या क्लबकडे तेवढा पैसा नाही त्यानं ही नक्कल केली तर काय होतं, ते वरच्या उत्तरात आहे.

१६. मित्र रोज चिडवतात. काय उत्तर देऊ?

देऊ नका. आणि चॅम्पियन्स लीगचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतो, तो हरल्यावर पहाटे साडेतीनला फोन हातात घेऊ नका. सकाळी चहा झाल्यावर बोला.

१७. आपल्याकडे असा प्रयोग झालाय का?

झालाय, आणि आपण त्याला फार लवकर विसरलो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० मध्ये फक्त तरुण खेळाडूंचा संघ आय-लीग या भारतातल्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवला, तो पुढे पैलान ॲरोज झाला, २०१३ मध्ये बंद पडला आणि २०१७ मध्ये इंडियन ॲरोज म्हणून परत आला. दुसऱ्या खेपेला त्यात त्याच वर्षी भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकातली मुलं होती: कर्णधार अमरजित सिंग, कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातला पहिला गोल करणारा जॅक्सन सिंग, सुरेश वांगजाम, आणि कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनिकेत जाधव. २०१७-१८ मध्ये हा संघ तळाला राहिला. तळाला राहिला तरी त्याला खालच्या लीगमध्ये ढकललं जाणार नव्हतं, परदेशी खेळाडूही नव्हते. दर आठवड्याला मोठ्या माणसांशी खेळायला मिळावं एवढाच हेतू होता. पुढे जॅक्सन केरळ ब्लास्टर्समध्ये आणि सुरेश बंगळुरू एफसीमध्ये नियमित झाले, दोघे भारताकडून खेळले. अनिकेत जमशेदपूरमार्गे हैदराबादला गेला.

२०२२ मध्ये ॲरोज पुन्हा बंद झाला. म्हणून ‘आपल्याकडे पोरांना संधी का मिळत नाही’ असं विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न असतो: तळाला असलेल्या त्या संघाचा एखादा तरी सामना तुम्ही बघितला होता का? शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला हजारो लोक येतात, पोरांची नावं तोंडपाठ असतात, वाईट वर्षातही येतात. कोल्हापूरला हे कुणी शिकवावं लागलेलं नाही.

१८. धीर धरला, तीन हंगाम झाले, आणि क्लबनं कोच बदलला. आता पुन्हा शून्यापासून तीन वर्षं मोजायची का?

नाही. तीन हंगाम पोरांच्या वाढीसाठी दिलेले असतात आणि पोरं तिथेच आहेत. नव्या कोचला मी एक हंगाम देतो, तोही या अटीवर की तो आहे त्याच गाभ्यावर बांधतोय. आल्या आल्या त्यानं २१ वर्षांचे चार जण बाजारात काढले आणि स्वतःच्या ओळखीचे तिशीतले चार आणले, तर ती पुनर्बांधणी संपली, दुसरं काहीतरी सुरू झालं, आणि जुन्या वचनाचा हिशेब तुम्ही संचालकांकडे मागू शकता. उलट गाभा तोच राहिला आणि पहिल्या दहा सामन्यांत निकाल पडले, तर प्रश्न ४ मधल्या तिन्ही गोष्टी पुन्हा एकदा बघा आणि अकराव्या सामन्याला जा.